आपला धुळे रस्ता: चारशे वर्षांची वाट आणि तिची वळणे

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



गणपतीच्या दिवसांत व्याख्यानाला बसलेल्या श्रोत्यांचे निम्मे लक्ष आरतीच्या वेळेकडे असते. म्हणून प्रस्तावना आवरती घेतो. आजचा विषय आहे सुरत ते धुळे हा रस्ता. आपल्यापैकी बहुतेक घरांतले कोणी ना कोणी एक तर या रस्त्याने किंवा ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरतेत आले. कोणी नोकरीसाठी आले, कोणी मागावर बसायला आले, कोणी लग्न होऊन आले. आजही दिवाळीला आणि लग्नसराईत आपण याच वाटेने माघारी जातो.

रस्ता इतका ओळखीचा आहे की तो पहिल्यापासून असाच असेल असे वाटते. पण चारशे वर्षांत त्याची सुरुवात बदलली, डोंगर ओलांडायची जागा बदलली, सरकारी यादीतला क्रमांक बदलला, आणि एके काळी त्याच्यावर असलेली काही गावे बाजूला पडली. हे बदल कशामुळे झाले आणि त्यांतून आपल्या पदरात काय पडले, एवढेच आज सांगणार आहे.

सुरुवात समुद्रापासून करू. मोगल काळात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते, पण तापीच्या मुखाशी गाळ आणि वाळूचे दांडे असल्यामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती नदीमुखाच्या उत्तरेला सुवाळीच्या किनाऱ्यापाशी नांगर टाकत. तिथून माल होड्यांनी आणि गाड्यांनी सुरतेत येई. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुवाळीलाच उतरला. त्याला जहांगीर बादशहाला भेटायला अजमेरला जायचे होते. पण त्यासाठी तो सुरतेहून उत्तरेला निघाला नाही. तो आधी पूर्वेला बुऱ्हाणपूरला गेला आणि नोव्हेंबरच्या मध्याला तिथे पोचला. मोगलांचे दख्खनेतले मोठे ठाणे तेव्हा बुऱ्हाणपूरला होते. बादशहाचा मुलगा परवेझ तिथे होता आणि व्यापारही तिथे होता. सुरतेहून आग्र्याला जाण्याचा एक मुख्य मार्गच मुळी बुऱ्हाणपुरावरून जाई.

त्या मार्गावरच्या मुक्कामांची यादी आपल्याला टॅव्हर्नियेकडून मिळते. हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात अनेक वेळा हिंदुस्थानात येऊन गेला. त्याने गावांची नावे आपल्या कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत, त्यामुळे ती वाचताना गंमत वाटते. पण ती ओळखता येतात: सुरतेनंतर बारडोली, मग वालोड, पुढे नवापूर, नवापुराहून नंदुरबार, मग तापीकाठचे थाळनेर, तापीच्या उत्तरेला चोपडा, आणि तिथून रावेरकडून बुऱ्हाणपूर. नवापूरबद्दल तो विशेष लिहितो. गाव विणकरांचे, पण व्यापार मुख्यतः तांदळाचा. तिथला तांदूळ बारीक, शिजला की बर्फासारखा पांढरा, आणि त्याला कस्तुरीसारखा वास येतो, असे त्याने नोंदवले आहे. नवापूरकडच्या सुवासिक तांदळाचे पोते अजूनही आपल्याकडे कौतुकाने येते. त्याची कीर्ती पॅरिसमध्ये १६७६ साली छापून आली होती, हे त्या पोत्याबरोबर सांगायला हरकत नाही.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून आधीच उत्तर देतो. शिवाजी महाराज सुरतेवर याच वाटेने आले का? नाही. १६६४ च्या जानेवारीत ते गणदेवीकडून, म्हणजे दक्षिणेकडून आले. १६७० च्या दुसऱ्या स्वारीनंतर परतीची वाट साल्हेर-मुल्हेरच्या बाजूने, बागलाणातून होती, आणि वणी-दिंडोरीची लढाई त्याच परतीत झाली. नवापूरची वाट ही व्यापाऱ्यांची आणि मोगल फौजांची राजरोस वाट होती. अचानक येऊन धडकणाऱ्या सैन्याला ती सोयीची नव्हती. मराठ्यांचा या वाटेशी जवळचा संबंध पुढच्या शतकात आला. सोनगडचा किल्ला हे पिलाजीराव गायकवाडांचे पहिले ठाणे. बडोद्याच्या गादीची मुळे या रस्त्याच्या कडेला, सोनगडच्या डोंगरावर आहेत.

आता पहिल्या मोठ्या वळणाकडे येऊ. टॅव्हर्नियेच्या यादीत धुळे नाही, कारण तेव्हाच्या वाटेला धुळ्याचे काही कामच नव्हते. नवापुराहून ती ईशान्येला नंदुरबारकडे वळे आणि तापीचे खोरे धरून पुढे जाई. १८१८ मध्ये पेशवाई संपली, खानदेश इंग्रजांच्या हाती गेला, आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून धुळे निवडले. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जाणार होता. कचेरी, न्यायालय, फौज, बाजार सारे धुळ्यात आले. मग सुरतेच्या बाजूने येणाऱ्या रस्त्यालाही धुळ्याकडे तोंड करावे लागले. नवापुराच्या पुढे तो विसरवाडीला आला, कोंडाईबारीने डोंगर चढला, आणि दहिवेल, साक्री, नेर, कुसुंबा करीत धुळ्याला पोचला.

खानदेशात डोंगरातून जाणाऱ्या खिंडीला ‘बारी’ म्हणतात, हे इथल्या तरुण मंडळींसाठी सांगतो. बारी ही नुसती वाट नसते, तिच्यावर कोणाचा तरी पहारा असतो. या भागातल्या बाऱ्या भिल्ल नाईकांच्या ताब्यात असत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून काही घेण्याचा त्यांचा पिढीजात हक्क होता. इंग्रजांनी तो हक्क मोडला, लढाया केल्या, आणि १८२५ मध्ये आउट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारून डोंगर ताब्यात आणला. गाड्या सुरक्षित जाऊ लागल्या. पण ज्यांच्या डोंगरातून वाट गेली त्यांना त्या वाटेचे उत्पन्न मिळेनासे झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला शेवटी तिच्याकडे यायचे आहे.

दुसरे वळण आगगाडीने आणले. १८६३ च्या सुमारास मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे भुसावळला पोचली आणि खानदेशचा कापूस सरळ मुंबईकडे जाऊ लागला. सुरतेचे बंदर तर आधीच मागे पडले होते. ज्या रस्त्याने कधी बुऱ्हाणपूरचे कापड समुद्राला जाई, तो आता आडरस्ता झाला. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत गेली. तिने कोंडाईबारीची चढण टाळली. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, चिंचपाडा, खांडबारा, नंदुरबार, दोंडाईचा अशी ती जाते. म्हणजे रस्त्याने जी जुनी वाट सोडली होती, ती रेल्वेने उचलली. धुळ्याची कचेरी रस्त्याला दक्षिणेला ओढून घेऊन गेली, आणि नंदुरबारला पुन्हा सुरतेशी जोडले ते रुळांनी. आपल्यात नंदुरबार-दोंडाईच्याची मंडळी गाडीच्या वेळा तोंडपाठ सांगतात आणि साक्री-पिंपळनेरची मंडळी बसच्या, त्याचे कारण हे दुभाजन आहे.

या रस्त्याने किती राज्ये पाहिली तेही सांगितले पाहिजे. स्वातंत्र्यापूर्वी सुरतेहून निघालेला गाडीवान इंग्रजी मुलखातून बारडोलीपर्यंत जाई, व्यारा आणि सोनगडला गायकवाडी हद्दीत शिरे, आणि नवापूरला पुन्हा इंग्रजी खानदेशात येई. १ मे १९६० ला गुजरात आणि महाराष्ट्र वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावे गुजरातला दिली गेली. उच्छल आणि निझरकडचा भाग त्यांत आला. सीमा नवापूरच्या दाराशी येऊन थांबली. स्थानक मात्र आधीच बांधलेले होते. त्यामुळे आजही नवापूरच्या फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, आणि सीमारेषेवरच्या बाकावर दोघे शेजारी बसले तर दोन राज्यांत बसतात. पुढे १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा झाला आणि २००७ मध्ये व्यारा मुख्यालय असलेला तापी जिल्हा झाला. आज सुरतेहून धुळ्याला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करताना आपण चार जिल्हे आणि दोन राज्ये ओलांडतो.

आता क्रमांकांची कथा. जुन्या चालकांच्या तोंडी हा रस्ता ‘सहा नंबर’ आहे. पण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या यादीत राष्ट्रीय महामार्ग सहा हा धुळ्याजवळ, आग्रा रोडच्या फाट्यापाशी सुरू होत होता आणि नागपूर, रायपूर, संबलपूर करीत कलकत्त्याला जात होता. धुळे ते सुरत हा आपला तुकडा त्या यादीत नव्हता. तो नंतर जोडला गेला आणि महामार्गाची सुरुवात पश्चिमेला हजीऱ्यापर्यंत सरकली. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम, असा तो नियम. त्यात आपला सहा ‘त्रेपन्न’ झाला आणि मुंबई-दिल्लीचा आठ ‘अठ्ठेचाळीस’ झाला. गंमत म्हणजे त्रेपन्न कोलकात्याला जातच नाही. ओडिशात तो जुन्या सहापासून वेगळा होतो आणि पारादीपच्या बंदराला जाऊन मिळतो. जुन्या सहाचा कोलकात्याकडचा भाग एकोणपन्नास आणि सोळा या क्रमांकांत वाटला गेला.

हजीरा हे बंदर आहे आणि पारादीपही बंदरच. जुना रस्ता शहरापासून शहरापर्यंत होता, नवा बंदरापासून बंदरापर्यंत आहे. सुरत शहरात हा फरक डोळ्यांना दिसतो. आपल्या वडीलधाऱ्यांचा धुळे रस्ता सहारा दरवाजाहून निघे, पर्वत पाटिया, सारोली करीत कडोदऱ्याला आठ नंबर ओलांडे आणि बारडोलीला जाई. लिंबायत, गोडादरा, पर्वत या आपल्या वस्त्या त्या रस्त्याच्या आजूबाजूला वाढल्या, यात नवल नाही. गावाकडून आलेला माणूस जिथे उतरतो तिथेच आधी खोली शोधतो.

नवा महामार्ग शहरात येतच नाही. तो हजीऱ्याहून इच्छापोर करीत येतो, मगदल्ल्याजवळ तापी ओलांडतो, शहराच्या दक्षिणेने सचिनला जातो, पलसाण्याला अठ्ठेचाळीस ओलांडतो आणि मग बारडोलीकडे वळतो. ‘गुजरात-महाराष्ट्र सीमा ते सुरत-हजीरा बंदर’ असे त्या चौपदरीकरणाच्या प्रकल्पाचे नावच होते, लांबी सुमारे १३३ किलोमीटर. या वळणाने सचिन राष्ट्रीय महामार्गावर आले. सचिनचे नबाब मूळ जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातले. १७९१ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहानुसार जंजिऱ्यावरचा हक्क सोडून त्या शाखेने हा मुलूख घेतला. कोकणातल्या एका भांडणाचा शेवट सुरतेच्या वेशीवर झाला, आणि आता त्यावरून कंटेनर जातात.

हजीरा आणि सुवाळी एकाच किनाऱ्यावर, शेजारी-शेजारी आहेत. टॉमस रो जिथे उतरला, तिथेच जवळपास आजच्या त्रेपन्न क्रमांकाचा पहिला किलोमीटर आहे. मधली दीड-दोनशे वर्षे बंदर झोपले होते तेव्हा हा रस्ता माणसांच्या जाण्या-येण्यावर जगला. आता बंदर जागे झाले आहे आणि रस्ता पुन्हा मालासाठी आखला जातो आहे. यात वाईट काही नाही. व्यापार वाढला म्हणून आपणही वाढलो. पण रस्ता मालासाठी आखला तरी त्यावरून माणसे जातातच. त्यांचा विचार आखणीत कुठे येतो, हा माझा प्रश्न आहे.

ही माणसे कोण आहेत? दिवाळीनंतर डांग, नवापूर, साक्रीकडून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आहेत. बारडोली परिसरातल्या साखर कारखान्यांचा हंगाम त्यांच्या कोयत्यावर चालतो. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने त्यांच्यावर बारडोलीत राहून वर्षानुवर्षे अभ्यास केला. ज्या बारडोलीचे नाव १९२८ च्या सत्याग्रहाने देशभर झाले, तिथल्या शेतात हे लोक रात्री पालाच्या खोपटात झोपतात. दुसरी माणसे आपलीच, उधना-पांडेसराच्या यंत्रमागांवरची. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी झाली, तेव्हा मिळेल त्या बसने, ट्रकने, गाडीच्या टपावर बसून माणसे खानदेशाकडे गेली. २०२० च्या टाळेबंदीत गाड्याच नव्हत्या, तेव्हा तीच वाट लोकांनी पायी धरली. लहान मुले खांद्यावर, डोक्यावर बोचके, आणि रिकामा चौपदरी महामार्ग. ते चित्र आपल्यापैकी अनेकांनी टोलनाक्यापाशी पाणी वाटताना पाहिले आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मलकापूरहून सुरतेला येणारी खाजगी बस कोंडाईबारी घाटात पुलावरून खाली कोसळली. पाच माणसे गेली, तीसहून अधिक जखमी झाली. गुजरातच्या बाजूचा रस्ता चौपदरी झाल्यावरही सीमेपलीकडचा फागण्यापर्यंतचा तुकडा बरीच वर्षे रेंगाळला. सपाटीवर सत्तर-ऐंशीच्या वेगाची सवय लागलेला चालक रात्री दोन-तीन वाजता अरुंद घाटात शिरतो, तेव्हा काय होते हे वेगळे सांगायला नको. याच त्रेपन्न क्रमांकावर जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला ७५ किलोमीटरचे डांबरीकरण पाच दिवसांच्या आत, नेमके सांगायचे तर १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. इतक्या वेगाने काम करता येते हे सिद्ध झाले आहे. म्हणून घाटातल्या कठड्याला आणि दिव्याला वर्षे लागावीत, हे पटत नाही.

बायपासमुळे गावांचे काय झाले, यावर दोन मते आहेत आणि दोन्ही खरी आहेत. बारडोली-व्याऱ्याच्या गर्दीतून अवजड गाड्या गेल्या, शाळेत जाणारी मुले सुखरूप झाली. पण एस.टी. थांबे तिथली उपाहारगृहे, पंक्चरची दुकाने, फळांच्या गाड्या यांचे गिऱ्हाईक महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांकडे गेले. शेतकऱ्याची जमीन रस्त्याने दुभागली, आणि पलीकडच्या वावरात जायला त्याला भुयारी मार्ग किंवा पुढचा फाटा शोधावा लागतो. बारीवरच्या नाईकांचे जे झाले, तेच थोड्या सौम्य रूपाने आज होते आहे. वाट ज्यांच्या अंगणातून जाते त्यांना तिच्यातून काही मिळते का, हा प्रश्न दोनशे वर्षे जुना आहे. आता पलसाणा तालुक्यात एना गावाजवळ दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग या रस्त्याला मिळतो. म्हणजे आणखी एक वळण सुरू झाले आहे.

आपण काय करायचे? आपण मंडळाची माणसे, रस्ते आखणारे नाही. तरी तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, घाट आणि सर्व्हिस रोड यांच्या मागण्या. दोन राज्यांतल्या रस्त्याबद्दल एका राज्यातले लोक बोलतात तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवले जाते. आपण मतदार गुजरातचे आणि नातेवाईक महाराष्ट्राचे, दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींना एकच पत्र आपणच लिहू शकतो. दुसरी, आपले तरुण रात्रीच्या लक्झरीने गावी जातात. घाट उजेडात ओलांडला जाईल अशी गाडी निवडा, शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील. तिसरी गोष्ट ज्येष्ठांसाठी. सहारा दरवाजाहून सुटणारी धुळ्याची गाडी कुठे कुठे थांबे, नाक्यावर काय तपासत, पावसाळ्यात कोणत्या मोरीवर पाणी येऊन रात्र काढावी लागे, हे तुम्हाला ठाऊक आहे. सरकारी नकाशात ते कुठेही नाही. जुन्या रस्त्याचे मैलाचे दगड रुंदीकरणात उखडले गेले, आता ते तुमच्या आठवणीत आहेत. नातवाला शेजारी बसवा आणि सांगा. त्याला लिहून घेऊ द्या, त्याच्या मोबाईलवर बोला हवे तर. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यातली दहा पाने छापता आली तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आरतीची वेळ झाली आहे. 

गणपती बाप्पा मोरया!